घरची बाटली

९ जानेवारी

प्रिय चिमणे,

खोकं पाठवलंय. सुतळी दातांनी सोडवत बसू नकोस, कात्री घे. माझ्या हातची गाठ सुटत नाही हे तुला लहानपणापासून माहीत आहे. आत बारा विहिरींच्या बारा बाटल्या आहेत. मास्तरांनी प्रत्येकीवर इतक्या सुबक अक्षरात नंबर घातलेत की तुमच्या प्रयोगशाळेतले लोक पाणी बाजूला ठेवून चिठ्ठ्याच वाचत बसतील.

काम असं आहे. आपल्या पाणी-मंडळाला मे महिन्यात अकरा वर्षं होतील. ओढ्याकाठी लावलेल्या झाडांखाली आता माणसं बसायला लागली, आणि मास्तरांच्या मनात आलं की अहवाल छापावा. शेहेचाळीस विहिरी, दर महिन्याला तपासणी, एक महिना चुकलेला नाही. मी म्हटलं, छापा. तर बैठकीत आपली दवाखान्यातली नर्स उभी राहिली. म्हणाली, "आपणच तपासायचं आणि आपणच बरोबर म्हणायचं, याला कोण विचारतंय? एकदा बाहेरून ताडून घ्या." बोलली ते खरं होतं, त्यामुळे कुणाला आवडलं नाही. मग सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या, कारण प्रयोगशाळेतली बहीण माझी, आणि अध्यक्षही मीच. अध्यक्ष मी का, तर बैठकीच्या खुर्च्या माझ्या पंपाच्या दुकानातून येतात.

घाई नाही. तुझ्या साहेबांची परवानगी घेऊन सवडीनं कर.

इकडे सगळं ठीक. तुझ्या वहिनीचे पाय संध्याकाळी सुजतात. शेहेचाळीस घरं पायी फिरायची म्हणजे सुजणारच. मी म्हटलं, या महिन्यात दुसऱ्या कुणाला तरी पाठवू. तर म्हणाली, "आणि नळ्या कोण धुणार, तुम्ही?" विषय तिथंच संपला.

दुकानातला फोन पुन्हा मुका झालाय. एका अर्थी बरंच. फोनवर तुझा आवाज ऐकला की तू काय लपवतेस ते मला कळतं, आणि मग दोघांचीही पंचाईत होते.

तुझा,
दादा

ता. क. वन्सं, पाय-बिय काही नाही, यांना पत्रात लिहायला काहीतरी लागतं. पंपाची कुरकुर ऐकायची सवय, तशी बायकोचीही ऐकतात. तुम्ही दिलेला ब्रश अजून वापरते. केस गळलेत त्याचे, माझ्यासारखेच. — वहिनी


२० जानेवारी

दादा,

खोकं पोचलं. गाठ कापावी लागली, कबूल करते.

साहेबांनी एका अटीवर परवानगी दिली, की आमचं काम संपल्यावर करायचं. म्हणून थोडे दिवस लागतील. पण एक सांग. तू लिहिलंस बारा आणि आत निघाल्या तेरा. तेरावीवर नंबर नाही, चिठ्ठी नाही, कोपऱ्यात कापडात गुंडाळून ठेवलेली. मास्तरांच्या हातून असं होणार नाही, म्हणजे हे तुझं काम. कुठलं पाणी आहे ते? फेकून देऊ की तपासू?

वहिनीच्या सुजेबद्दल तू दीड ओळ लिहिलीस आणि वहिनीनं एक. तुम्ही दोघं मिळून अडीच ओळी लिहिता तेव्हा मला काळजी वाटते. डॉक्टरांकडे गेला होतात का? लघवी तपासली का? सकाळी डोळ्यांखाली सूज असते का, ते बघ. थट्टा करू नकोस, नीट बघून लिही.

वहिनी, नळ्या नीट धुतेस ना गं? मागच्या खेपेला मी ओरडले होते, ते अजून आठवतं का? आता मोठ्या प्रयोगशाळेशी गाठ आहे. दोन्हीकडचे आकडे जुळले नाहीत तर नाक माझं कापलं जाईल.

चिमणी


२ फेब्रुवारी

प्रिय चिमणे,

तेरावी बाटली म्हणजे आपली घरची बाटली. बाराजणी खोक्यात हलत होत्या, खुळखुळ आवाज येत होता, आणि आवाज आला की मला राहवत नाही. मधे काहीतरी घालायचं म्हणून टेबलावरची तीच उचलली आणि फडक्यात गुंडाळून कोपऱ्यात बसवली.

घरची बाटली विसरलीस? अगं, मंडळाच्या पहिल्या दिवशी तू सगळ्यांना शिकवत होतीस. दोन नळ्या घ्यायच्या, एकीत विहिरीचं पाणी आणि एकीत तू आणलेलं शुद्ध पाणी, दोन्हींत औषधाचे थेंब टाकायचे. विहिरीची नळी गुलाबी झाली तर धातूला मुलामा देणाऱ्या कारखान्याचं विष त्यात उतरलंय, शेजारच्या नळीसारखी राहिली तर पाणी चांगलं. आणि मास्तरांनी हात वर केला, "माझी एक शंका आहे," आणि त्यांच्या त्या शंकेनं तुझी शुद्ध पाण्याची बाटली खाली. काचाच काचा. तुझं तोंड एवढंसं झालं. तेव्हा वहिनीनं आमच्या विहिरीचं पाणी भरून आणलं. "घ्या, याच्याइतकं स्वच्छ गावात नाही." तू थेंब टाकलेस, नळी जशीच्या तशी राहिली. तू म्हणालीस, सध्या हेच वापरा, मी नवीन बाटली पाठवते. ती अजून येतेय, आणि तोवर वहिनी दर महिन्याला घरची बाटली आपल्या विहिरीवर ताजी भरते. आम्ही काही तक्रार केली नाही. आमची विहीर कारखान्यापासून लांब, चढावर, आणि माझ्या हातची. बावीस वर्षांचा होतो, दिवसा दुसऱ्यांच्या पंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचो आणि सकाळी उठून ती खणायचो. त्या पाण्यानं गावाचं पाणी मोजलं जातं याचा मला अभिमान आहे, उगाच कशाला लपवू.

आता वहिनीचं. तू विचारलंस म्हणून बघितलं, डोळ्यांखाली सूज होती. डॉक्टरांनी मोठ्या रुग्णालयात पाठवलं. दाखल करून घेतलंय. चार दिवस ठेवतील म्हणाले होते, आज नववा. माझ्याशी बोलताना "बघू, बघू" म्हणतात. पण काल दार लोटलेलं होतं आणि बाहेर दोघे डॉक्टर हळू बोलत होते. माझ्या कानांना हळू असं काही नसतं. "दोन्ही मूत्रपिंडं," एवढं ऐकू आलं. आठवड्यातून दोनदा यंत्रावर घ्यायचं ठरलंय. यंत्राचा पंप चांगला आहे, आवाज एकसारखा येतो. मी शेजारी बसून तोच ऐकतो.

तिचा जीव रुग्णालयात रमत नाही. तिथलं पाणी तिला कडवट लागतं. डॉक्टरांनी मोजून प्यायला सांगितलंय, जे काय चार घोट मिळतात ते तरी गोड लागावेत म्हणून मी रोज सकाळी आपल्या विहिरीचं पाणी डब्यात भरून बसनं नेतो. डबा बघितला की तिचं तोंड उजळतं.

तू सगळं सोडून धावत येऊ नकोस. गरज लागली की मी सांगेन.

दादा


९ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र आज दुपारी मिळालं. मिळाल्याबरोबर तार केली, ती या पत्राच्या आधी तुझ्या हातात पडेल. तारेत लिहिलंय तेच पुन्हा लिहिते. विहिरीचं पाणी वहिनीला देऊ नकोस. तूही पिऊ नकोस. स्वयंपाकालाही नको. रुग्णालयातलं कडवट लागलं तरी तेच दे.

कारण नीट सांगता येत नाही अजून. तेराव्या बाटलीचा आकडा बरोबर आलेला नाही. बाटली खराब असेल, फडकं खराब असेल, माझा हात चुकला असेल. मी पुन्हा करते. तिसऱ्यांदाही करीन. तोवर माझं ऐक.

डॉक्टरांना कारखान्याबद्दल सांग. त्यांना विचारायला सांग, किती वर्षं कुठलं पाणी पोटात गेलंय.

चिमणी


१५ फेब्रुवारी

चिमणे,

तार मिळाली. तारवाला बिचारा पायरीवर उभा राहून माझ्या तोंडाकडे बघत होता, त्याला वाटलं कोणी गेलं. "विहीर बंद" असं वाचल्यावर तो हसला. मला हसू आलं नाही.

पत्रही मिळालं. मला एक कळत नाही. तू सांगतेस आकडा चुकला असेल, हात चुकला असेल, फडकं घाण असेल. फडकं घाण होतंच, पंप पुसायचं होतं, ग्रीसचं. मग ग्रीसच्या फडक्यावरून माझ्या विहिरीला नावं कशाला? पस्तीस वर्षं त्या पाण्यावर हे घर उभं आहे. आई शेवटपर्यंत तेच प्यायली. चार बुकं शिकलेल्या माणसाला मी खणलेली वस्तू खोटी ठरवायला एक दुपार पुरते, असं वाटून गेलं. रागात लिहितोय. खोडत नाही, तुझ्यामाझ्यात खाडाखोड कशाला.

तार मी वहिनीला दाखवणार नव्हतो. पण ती माझा चेहरा वाचते आणि खिसाही तपासते. तारीख बघून म्हणाली, "तीन दिवस झाले की हो." मी म्हटलं, तिचं काहीतरी चुकतंय. तर तिनं डबा माझ्याकडे सरकवला. म्हणाली, "वन्सं सांगतात ना, मग नको. ओता." मी खिडकीतून ओतलं. मग एकदम म्हणाली, "आकडा कदाचित माझ्यामुळे चुकला असेल. वन्संना सांगा, ती बाटली मी पुन्हा विसळून द्यायला हवी होती."

म्हणजे तारेनंतर तीन दिवस मी डबा नेला. तुला कळावं म्हणून लिहितो.

दादा


२४ फेब्रुवारी

दादा,

तीनदा केलं. तिसऱ्या वेळी माझ्या साहेबांनी स्वतः केलं, मला बाहेर बसवून. आकडा तोच.

तेराव्या बाटलीत कारखान्याचं विष आहे. जेवढं चालतं त्याच्या चौपट. बाटलीतलं नाही, फडक्यातलं नाही, पाण्यातलं आहे.

आता पुढचं शांतपणे वाच. तुम्ही दर महिन्याला विहिरीची नळी घरच्या बाटलीच्या नळीशेजारी धरता. तिच्यापेक्षा गुलाबी असली तर त्या घराच्या कार्डावर फुली, तिच्याइतकीच असली तर "बरोबर". घरची नळी आधी पाण्यासारखी होती. मग कधीतरी जराशी गुलाबी झाली असेल, मग आणखी जराशी. सगळं एकदम झालं नाही, म्हणून दिसलं नाही. आणि ती जितकी गुलाबी होत गेली तितक्या बाकीच्या विहिरी आपल्याला चांगल्या दिसत गेल्या. तू पाठवलेल्या बारांपैकी नऊ विहिरींना मंडळानं "बरोबर" दिलंय. त्यातल्या सात पिण्याजोग्या नाहीत.

विहीर चढावर आहे, लांब आहे, हे खरं. पाणी तिकडे का वळलं ते मला सांगता येत नाही.

वहिनीचा आजार यामुळेच झाला का, ते इथले डॉक्टर खात्रीनं सांगत नाहीत. असू शकतं, एवढंच म्हणतात. तू दिवसभर दुकानात नळाचं पाणी पितोस, तरी तुझी तपासणी करून घे.

आणि लोकांना सांगा. शेहेचाळीसही घरांना. मास्तर म्हणतील आधी पुन्हा तपासू, अहवाल होऊ दे, घबराट नको. ऐकू नकोस. मी रजा मागितली आहे, पंधरा मार्चपासून मिळतेय. वहिनीला सांग, मी येते.

नळ्या धुण्यावरून तिनं मनाला काही लावून घेऊ नये. तिचा काही दोष नाही हे तिला सांग. आजच सांग.

चिमणी


३० मार्च

प्रिय चिमणे,

तू आलीस तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं, बोलता आलं नाही. रजा पंधराची आणि ती अकरालाच गेली. तुझी चूक नाही, कुणी तारीख देऊन जात नाही.

तू निघताना दारात "येते" म्हणालीस, त्या शब्दामागे आणखी एक वाक्य अडकलेलं होतं. मला ऐकू आलं. विचारलं नाही.

तुझं चोवीस तारखेचं पत्र मी तिला वाचून दाखवलं होतं. सगळं. शेवटच्या ओळी दोनदा. ती म्हणाली, "लोकांना मी सांगते. कार्डं माझ्या अक्षरातली आहेत, मीच जायला हवं. जरा बरं वाटू दे." मी म्हटलं, ठीक. मास्तर म्हणाले, आधी पुन्हा तपासू, त्यालाही मी म्हटलं, ठीक. ती बरी होऊन माझ्याबरोबर दारोदार येणार, असं मी धरून चाललो होतो. म्हणजे तुझं पत्र आल्यापासून महिना झाला, आणि लोक अजून तेच पाणी पितायत. हे मी दुसऱ्या कुणाला लिहिलं नसतं.

पाणी का वळलं ते मला माहीत आहे. सहा वर्षांपूर्वी मी आमच्या विहिरीवर नवा पंप बसवला. तिला बादल्या उपसायला लागू नयेत म्हणून. दुकानातला सगळ्यात मोठा. गिऱ्हाईक आलं की मी त्याला घरी नेऊन दाखवायचो, बघा कसा खेचतो. खेचतो म्हणजे कुठून, हे मी कधी विचारलं नाही. एवढा पंप चहूकडचं पाणी आपल्याकडे ओढून घेतो, कारखान्याकडचंही. माझा जन्म या धंद्यात गेला. हे मला कळायला प्रयोगशाळा लागायला नको होती.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते. मंडळाच्या दोन वह्या आहेत. कच्ची वही ती घेऊन फिरायची, पक्की मास्तर घरी बसून उतरवायचे. पक्कीत फक्त आकडे आणि "बरोबर". कच्ची काल तिच्या पिशवीत सापडली, त्या ब्रशाखाली. गेल्या काही वर्षांत प्रत्येक महिन्याच्या पानाच्या तळाशी तिनं बारीक अक्षरात शेरा लिहिलाय. मास्तरांनी तो कधी उतरवला नाही. विचारलं तर म्हणाले, "घरगुती नोंद वाटली."

काही तुला उतरवून देतो.

"घरची नळी जरा लाल वाटली. मी नीट धुतली नसेल. वन्सं म्हणाल्या तसं दोनदा धुवायची."

"दोनदा धुतली. तरी जरा लाल."

"तीनदा धुतली, विहिरीच्या ताज्या पाण्यानं. तरी आहेच. ब्रश जुना झाला असावा."

"पाय दुखत होते, घाई झाली. धुण्यात चूक माझी."

असे शेरे मी मोजले, एक्केचाळीस आहेत. पहिला साडेतीन-चार वर्षांपूर्वीचा, तू आली होतीस त्या पावसाळ्यानंतरचा.

"वन्सं म्हणाल्या तसं" म्हणजे काय गं? काय म्हणाली होतीस तू?

दादा


६ एप्रिल

दादा,

दारात अडकलेलं वाक्य हेच होतं.

त्या वर्षी मी आठवडाभर राहिले होते. शेवटच्या दिवशी वहिनीबरोबर तपासणीला गेले. ती धोब्याच्या विहिरीपाशी नळ्या मांडत होती. तिनं घरच्या बाटलीत थेंब टाकले आणि मला नळीच्या तळाशी गुलाबी झाक दिसली. अगदी पुसट. दिसली, दादा. मी प्रयोगशाळेत काम करणारी बाई, ते बघायचंच मला पगार मिळतो.

माझी गाडी दुपारची होती. मला क्षणभरही वाटलं नाही की पाणी खराब असेल. आपल्या घरचं पाणी. आईनं पाजलेलं. मला वाटलं, आधीच्या विहिरीचा रंग नळीत राहिला. मी धोब्याच्या बायकोसमोर तिला म्हणाले, "वहिनी, असं धुतात का? अशानं सगळी तपासणी फुकट जाईल." ती ओशाळली. "चुकलं हो वन्सं," म्हणाली. मी पिशवीतून माझा ब्रश काढून दिला, आणि मोठं काहीतरी केल्यासारखी गाडीत जाऊन बसले.

तिनं ते एवढं ऐकलं. नळी घासत राहिली, आणि ज्या पाण्यानं रंग येत होता त्याच पाण्यानं घासत राहिली. दर महिन्याला तिला खरं दिसत होतं. मंडळात ते दिसणारी ती एकटीच होती. आणि तिला तिच्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नकोस असं मी शिकवून आले.

नवी बाटली पाठवते म्हणाले होते, तीही पाठवली नाही. एका बाटलीचं काम. अकरा वर्षं.

तेराव्या बाटलीचा आकडा पहिल्यांदा आला तेव्हाच मला तो धोब्याच्या विहिरीचा प्रसंग आठवला. म्हणूनच नळ्यांबद्दल लिहिलं, "तिचा दोष नाही," एवढंच, अर्धं. पुढचं लिहायचं धाडस झालं नाही. वाटलं, ती बरी झाली की समोर बसून सांगीन. तूही तेच ठरवलंस, मीही तेच ठरवलं. ती बरी होण्यावर आपण दोघांनी किती सोपवून ठेवलं होतं.

तू मला काही लिहू नकोस. पण लोकांना सांग. ती जाऊन सांगणार होती, आता तुलाच जावं लागेल. सोबत खोकं पाठवलंय, आमच्याकडच्या शुद्ध पाण्याच्या बारा बाटल्या. या मात्र वेळेवर पाठवल्या असं म्हणवत नाही.

चिमणी


२१ एप्रिल

प्रिय चिमणे,

लिहू नकोस म्हणालीस, पण मी तुझं कधी ऐकलंय?

शेहेचाळीस घरं झाली. सहा दिवस लागले. मास्तर माझ्या सोबत होते. पहिल्या दिवशी नको नको म्हणत होते. मी कच्ची वही त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि म्हटलं, वाचा, घरगुती नोंदी आहेत. पाचव्या पानावर त्यांनी चष्मा काढला. मग चप्पल घालून माझ्या आधी रस्त्यावर.

काय सांगायचं ते मी पाठ करून गेलो होतो. पहिल्याच घरी विसरलो. शिंपीणबाईंनी नेहमीसारखी खुर्ची पुढे केली आणि कार्ड आणून दाखवलं, "बघा, सगळी बरोबर आहेत, एक फुली नाही." वहिनीचं अक्षर. मी म्हटलं, "बाई, ही सगळी चुकलेली आहेत, आणि चूक आमच्या घरातली आहे." त्यांनी कार्ड उलटून पाहिलं. मग म्हणाल्या, "पण ती तर स्वतः हेच पाणी पीत होती." मी म्हटलं, हो.

सगळे असे नव्हते. एकानं दार लावलं. धोबी म्हणाला, "अकरा वर्षं आमच्या दारात येऊन आमच्या पाण्याला पास करत होतात, तुमच्या स्वतःच्या विहिरीला कोण पास करत होतं?" आपल्या विहिरीला कार्डच नव्हतं. जिच्यावरून बाकीच्या मोजायच्या, तिला कोण मोजणार? हे कधी कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. धोब्याच्या बायकोनं मात्र मला दारापर्यंत सोडलं. म्हणाली, "त्या दिवशी तुमची बहीण रागावली, तेव्हा बाई हसून म्हणाल्या होत्या, माझ्या वन्सं शिकलेल्या आहेत, त्या सांगतात ते बरोबरच असणार." हे तुला सांगू की नको, दोन दिवस ठरत नव्हतं. मी हातचं राखून तुला काही लिहायचं नाही असं ठरवलंय, म्हणून सांगितलं. तिला तुझा राग नव्हता. कौतुकच होतं. ते तुला जास्त लागेल, मला माहीत आहे. मलाही पंपाचं तसंच आहे. गिऱ्हाइकासमोर मी बढाई मारायचो तेव्हा ती चहा घेऊन यायची.

तू केलंस ते चूक होतं. मी केलं तेही. माझी ओझी मोजून झाली की तुझी मोजीन, तोवर दोघांनी आपापली उचलून चालायचं. पण रविवारी पत्र पाठवत जा.

नगरपालिकेची पाण्याची गाडी सुरू झाली, दिवसाआड येते. कारखान्याला मंडळाचं पत्र गेलं, खाली शेहेचाळीस सह्या आहेत, दार लावणाऱ्याचीसुद्धा. अध्यक्षपद मी सोडलं. नर्स अध्यक्ष झाली. खुर्च्या मात्र माझ्याच दुकानातून जातात, तिनं बजावून सांगितलं. अहवाल निघणार आहे, पण त्यात पहिल्या पानावर चूक छापायची, असं तिचं म्हणणं. मास्तर प्रुफं तपासतायत.

पंप मी काढला. एकट्यानं. बंद करायच्या आधी थोडा वेळ चालू ठेवून ऐकत बसलो. इतकी वर्षं मला त्याच्या आवाजात काही वावगं ऐकू आलं नव्हतं, परवाही आलं नाही. उत्तम चालत होता.

तुझ्या बाटल्या पोचल्या, एकही फुटली नाही. आज सकाळी तिची पिशवी उघडली. ब्रश काढला. घरची म्हणून ती जी नळी वापरायची, तीच घेतली. शेवटची तिनंच धुतलेली, जानेवारीत. मी पुन्हा धुतली नाही, विसळलीसुद्धा नाही. तशीच घेतली, तुझं पाणी भरलं, थेंब टाकले, आणि खिडकीत उजेडाला धरली. मास्तर शेजारी उभे होते. दहा मिनिटं झाली असतील.

नळी पाण्यासारखी राहिली. कुठं झाकसुद्धा नाही.

कच्च्या वहीत तिच्या शेवटच्या शेऱ्याखाली आजची तारीख घालून मी लिहिलंय: "नळी स्वच्छ धुतलेली होती. दर महिन्याला धुतलेली होती." मास्तरांना म्हटलं, हा शेरा पक्क्या वहीत उतरवा. त्यांनी उतरवला. आणि त्याच्या आधीचे एक्केचाळीसही, एकेक करून, त्यांच्या त्या सुबक अक्षरात.

तुझा,
दादा